फाइल-लॉक कोणाच्या नावावर, कोणाच्या ताब्यात: लिनक्समध्ये लॉकमागचा पीआयडी शोधण्याची पद्धत

दिवाळी झाली की जिनिंगच्या गेटवर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. नेमकं त्याच वेळी काट्याच्या कॉम्प्युटरवर ‘डेटाबेस इज लॉक्ड’ असा संदेश येतो आणि काटापट्टी निघायची थांबते. बाहेर ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवत असतात. मग आत बसलेला माणूस हमखास तीनपैकी एक गोष्ट करतो: मशीन बंद-चालू करतो, लॉकची फाइल पुसतो, नाहीतर दिसेल तो पीआयडी (चालू प्रोग्रॅमचा, म्हणजे प्रोसेसचा क्रमांक) किल करतो. पहिल्या उपायाने काम निघतं, पण कारण कळत नाही आणि तासाभराने तेच घडतं. दुसऱ्याने एकाच फाइलवर दोन प्रोग्रॅम एकाच वेळी लिहू लागतात. तिसऱ्याने भलतीच प्रोसेस मरू शकते. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, लॉकशेजारी जो पीआयडी दाखवतं, तो दर वेळी लॉक धरून बसलेल्याचाच असतो असं नाही. म्हणून आधी लॉकचा प्रकार पाहायचा, पीआयडीवर विश्वास त्यानंतर.

उदाहरणासाठी यवतमाळ-वर्ध्याकडच्या एखाद्या जिनिंगची साधी मांडणी धरू. काटाघरात एक लिनक्स मशीन, त्यावर वजनाचा प्रोग्रॅम आणि एसक्यूलाइटची (एकाच फाइलीत राहणाऱ्या डेटाबेसची) फाइल. ऑफिसात विंडोजचा पीसी, तो सांबामार्फत (लिनक्सचं फोल्डर विंडोजला दाखवणारी सेवा) तेच फोल्डर उघडतो आणि चुकाऱ्याच्या याद्या काढतो. रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सेवा) बॅकअप चालतो. यातल्या आज्ञा आणि फाइलींची नावं खाली उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कीबोर्डवर ती रोमन लहान अक्षरांत टाकायची, मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे. बहुतेक आज्ञा रूट म्हणून चालवाव्या लागतात, नाहीतर दुसऱ्याच्या प्रोसेसची माहिती दिसत नाही.

लॉक कोणाचं असतं

लॉक म्हणजे ‘ही फाइल सध्या मी वापरतोय’ अशी कर्नलकडची खूण. लिनक्समध्ये नेहमी भेटणारे लॉक तीन जातींचे. एफसीएनटीएल या सिस्टम-कॉलने घेतलेलं पॉझिक्स लॉक प्रोसेसच्या मालकीचं असतं. ते फाइलच्या ठरावीक बाइटांवर घेता येतं, फोर्क केल्यावर (प्रोसेसची नवी प्रत निघाल्यावर) मुलाकडे जात नाही, एक्झेक केल्यावर (त्याच प्रोसेसमध्ये दुसरा प्रोग्रॅम चढवल्यावर) टिकतं. त्याची एक खोड फार त्रास देते: त्या प्रोसेसने त्याच फाइलचा कुठलाही डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलीला मिळालेला नंबर) बंद केला, की त्या फाइलवरची तिची सगळी पॉझिक्स लॉक सुटतात. लॉक ज्या डिस्क्रिप्टरवरून घेतलं तो उघडाच असला तरी. वजनाच्या प्रोग्रॅममध्येच कोणी ‘डेटाबेसची कॉपी काढा’ असं बटण टाकलं आणि ते साध्या ओपन-रीड-क्लोजने लिहिलं, तर कॉपी संपताक्षणी एसक्यूलाइटची लॉक गुपचूप गेलेली असतात. कुठे एररही येत नाही. डेटाबेस खराब व्हायचा हा एक जुना आणि खात्रीचा मार्ग आहे.

फ्लॉकने घेतलेलं लॉक पूर्ण फाइलवर असतं आणि ते प्रोसेसचं नसून उघडलेल्या फाइलीचं असतं, म्हणजे ओपन केल्यावर कर्नलमध्ये जी नोंद तयार होते तिचं. ड्यूप (डिस्क्रिप्टरची प्रत) किंवा फोर्क केल्यावर तीच नोंद वाटली जाते, त्यामुळे लॉकही वाटलं जातं. शेवटचा डिस्क्रिप्टर बंद होईपर्यंत किंवा कोणी मुद्दाम सोडेपर्यंत ते टिकतं.

तिसरी जात ओएफडी (ओपन फाइल डिस्क्रिप्शन) लॉक. २०१४ साली लिनक्स ३.१५ मध्ये ती आली आणि पॉझिक्सच्या २०२४ च्या आवृत्तीत तिला प्रमाण म्हणून जागा मिळाली. बाइटांची सोय पॉझिक्स लॉकसारखी, मालकी मात्र फ्लॉकसारखी.

स्थानिक डिस्कवर फ्लॉक आणि एफसीएनटीएलची लॉक एकमेकांना ओळखत नाहीत. वजनाचा प्रोग्रॅम एफसीएनटीएल वापरतो आणि बॅकअपची स्क्रिप्ट त्याच फाइलवर फ्लॉक घेते, तर दोघांनाही लॉक मिळतं आणि दोघंही समाधानात राहतात. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर ही सगळी लॉक सल्ल्यापुरती आहेत. ज्या प्रोग्रॅमने लॉक मागितलंच नाही त्याला कोणी अडवत नाही. सक्तीच्या लॉकची सोय होती, ती २०२१ साली ५.१५ मध्ये काढून टाकली.

पहिली पायरी: यादी वाचणे

कॅट /प्रॉक/लॉक्स. एक ओळ अशी दिसते:

१: पॉझिक्स ॲडव्हायझरी रीड २४१७ १०३:०२:१३१०७५ १०७३७४१८२६ १०७३७४२३३५

क्रमांक, जात, सल्ल्याचं की सक्तीचं, वाचायचं की लिहायचं, पीआयडी, डिव्हाइस आणि आयनोड (डिस्कवरचा फाइलचा क्रमांक), सुरुवातीचा बाइट, शेवटचा बाइट. पूर्ण फाइलवर लॉक असेल तर शेवटी ० ईओएफ येतं. क्रमांकानंतर बाण असेल तर ती ओळ थांबलेल्या प्रोसेसची, आणि ती बाणाच्या वरच्या लॉकमुळे अडलेली आहे. मात्र बाण दिसला नाही म्हणून कोणी अडलेलं नाही असं समजू नका. एसक्यूलाइट सहसा कर्नलमध्ये रांगेत उभं राहत नाही; ते लॉक मागतं, नकार आला की थोडं थांबून पुन्हा मागतं. त्याची वाट पाहणं या यादीत येतच नाही.

डिव्हाइसचे आकडे सोळाच्या पायात असतात, आयनोड मात्र दहाच्या पायात. इथे बरेच जण अडकतात. एनव्हीएमई डिस्कचं पार्टिशन एलएसबीएलके २५९:२ असं दाखवतं, /प्रॉक/लॉक्समध्ये तेच १०३:०२ होतं. बीटीआरएफएसवर तर स्टॅट सांगतो तो डिव्हाइस नंबर आणि यादीतला नंबर जुळत नाहीत, कारण तिथे प्रत्येक सबव्हॉल्यूमला वेगळा नंबर मिळतो. तिथे फक्त आयनोडवर जुळवा.

फाइलचा आयनोड एलएस -आय फाइलचं-नाव याने मिळतो. मग ग्रेप ‘:१३१०७५ ’ /प्रॉक/लॉक्स. आयनोडच्या आधी कोलन आणि नंतर मोकळी जागा ठेवा, नाहीतर त्याच आकड्यांनी सुरू होणारे दुसरे आयनोडही येतील.

एलएसलॉक्स ही आज्ञा हेच सोपं करून दाखवते: प्रोग्रॅमचं नाव, पीआयडी, जात, फाइलचा पत्ता, आणि कोण कोणाला अडवतंय तेही. घाईच्या वेळी तीच वापरावी. फाइलचा पत्ता ती पीआयडीवरून शोधते, त्यामुळे पीआयडी मेलेला असेल तर पूर्ण पत्त्याऐवजी नुसता माउंटपॉइंट आणि पुढे तीन टिंबं दिसतात. ती टिंबं दिसली की पीआयडीवर संशय घ्यायचा.

एसक्यूलाइटचे बाइट ओळखणे

वरच्या ओळीतले दहा आकडी बाइट पाहून फाइल एवढी मोठी कशी, असा प्रश्न पडतो. ती तेवढी नसते. एसक्यूलाइट एक जीबीच्या खुणेपासून पुढचे बाइट फक्त लॉकसाठी वापरतं. फाइल तिथपर्यंत पोहोचत असो वा नसो. १०७३७४१८२४ हा पेंडिंग बाइट, १०७३७४१८२५ हा रिझर्व्हड, आणि १०७३७४१८२६ पासून १०७३७४२३३५ पर्यंतचे ५१० बाइट वाचणाऱ्यांचे.

यावरून कोण काय करतंय ते कळतं (सोयीसाठी पुढे शेवटचे तीन आकडेच लिहिले आहेत). ८२६ ते ३३५ वर रीड म्हणजे कोणीतरी वाचतंय. सोबत ८२५ वर राइट असेल तर तीच प्रोसेस लिहायच्या तयारीत आहे, पण इतरांना अजून वाचता येतं. ८२४ पासून ३३५ पर्यंत एकच सलग राइट दिसली, तर ती पूर्ण ताबा घेऊन डिस्कवर लिहीत आहे. एकाच मालकाची एकाच प्रकारची शेजारशेजारची लॉक कर्नल जोडून टाकतं, म्हणून तीनऐवजी एक ओळ दिसते. एखादी प्रोसेस पेंडिंगवर बराच वेळ अडून राहिली असेल, तर गुन्हेगार ती नसते. दुसरं कोणीतरी वाचन अर्धवट सोडून बसलेलं असतं. चुकाऱ्याची यादी स्क्रीनवर उघडी ठेवून जेवायला गेलेला प्रोग्रॅम हे याचं नेहमीचं कारण: त्याने सिलेक्ट सुरू केला, ओळी पूर्ण वाचल्या नाहीत, आणि वाचायचं लॉक तसंच राहिलं.

डेटाबेस वॉल पद्धतीत (बदल आधी शेजारच्या -वॉल फाइलीत लिहायची पद्धत) असेल तर खरी हालचाल शेजारच्या -एसएचएम फाइलवर पाहायची. तिथे बाइट १२० लिहिणाऱ्याचा, १२१ चेकपॉइंटचा, १२२ दुरुस्तीचा, १२३ ते १२७ वाचणाऱ्यांचे. १२८ वरचं रीड लॉक फाइल उघडी असेपर्यंत राहतंच, त्याच्या मागे लागू नका.

दुसरी पायरी: जातीप्रमाणे पीआयडीचा अर्थ लावणे

पॉझिक्स लॉक असेल तर पीआयडी जवळजवळ नेहमी खरा. प्रोसेस गेली की लॉकही जातं, म्हणून मेलेल्याचं नाव मागे राहत नाही. थ्रेड कितीही असले तरी सगळ्यांचा एकच आकडा दिसतो, कारण कर्नल इथे थ्रेडचा नव्हे तर पूर्ण थ्रेड-गटाचा नंबर लिहून ठेवतं. कोणत्या थ्रेडने लॉक घेतलं ते या यादीतून कळणार नाही.

फ्लॉक असेल तर तो आकडा ज्याने लॉक मागितलं त्याचा. सध्या कोणाकडे आहे याची ती नोंद नव्हे. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव आणि वहितीत जमीन नातवाच्या, तसा प्रकार. आजोबा वारले तरी नाव तसंच राहतं. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला दोन टर्मिनल पुरतात.

पहिल्या टर्मिनलमध्ये बॅशमध्ये एक्झेक ९>>/टीएमपी/काटा.लॉक, मग फ्लॉक ९, मग शेलचा स्वतःचा पीआयडी छापायला एको $$. दुसऱ्यात आयनोड काढा आणि /प्रॉक/लॉक्समध्ये शोधा. जो पीआयडी दिसेल तो शेलचा नसेल. तो फ्लॉक नावाच्या त्या छोट्या आज्ञेचा असेल, जिने लॉक घेतलं आणि लगेच संपली. एलएस /प्रॉक/तो-आकडा केलं तर तशी प्रोसेसच नाही असं उत्तर येईल. लॉक मात्र शाबूत, कारण शेलचा डिस्क्रिप्टर ९ उघडा आहे.

आता पहिल्या टर्मिनलमध्ये स्लीप ६०० मागे सोडा आणि मग एक्झेक ९>&- ने डिस्क्रिप्टर बंद करा. शेलने हात काढला तरी लॉक सुटत नाही, कारण स्लीपने ९ नंबर वारशात घेतला आहे. क्रॉनमधल्या स्क्रिप्टने मागे एखादा डीमन (पडद्याआड चालत राहणारा प्रोग्रॅम) सुरू केला आणि पुढची प्रत्येक फेरी ‘आधीची चालू आहे’ म्हणून परत गेली, तर बहुधा हेच झालेलं असतं. फ्लॉकने आज्ञा थेट चालवत असाल तर -ओ हा पर्याय द्या, म्हणजे मुलाकडे डिस्क्रिप्टर जात नाही. स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडतानाच ओ_क्लोएक्झेक लावा.

फ्लॉकचा खरा धारक शोधायची जागा /प्रॉक/पीआयडी/एफडीइन्फो. तिथे प्रत्येक उघड्या डिस्क्रिप्टरची एक फाइल असते आणि त्यावर लॉक असेल तर लॉक: अशी ओळ येते. सगळ्या प्रोसेसमध्ये एकदम शोधायचं तर:

ग्रेप ‘^लॉक:.*:१३१०७५ ’ /प्रॉक/[०-९]*/एफडीइन्फो/*

ज्या फाइलच्या नावासकट ओळ येईल, त्या नावातला पीआयडी सध्याचा धारक. ओळीच्या आतला पीआयडी जुनाच, मागणाऱ्याचा, असू शकतो. तिकडे लक्ष देऊ नका. एकापेक्षा जास्त प्रोसेस आल्या तर लॉक वाटलं गेलं आहे, आणि सगळ्यांनी डिस्क्रिप्टर बंद केल्याशिवाय ते सुटणार नाही. फ्यूझर -व्ही वापरून फाइल कोणी उघडली आहे ते कळतं, पण उघडणं आणि लॉक धरणं वेगळं. त्या यादीतल्या सगळ्यांना किल करणं म्हणजे बॅकअपसकट सगळं मारणं.

ओएफडी लॉकपुढे पीआयडी -१ दिसतो. ४.१४ च्या आधीच्या कर्नलमध्ये तिथे पहिल्यांदा लॉक घेणाऱ्याचा आकडा यायचा, तो दोष होता. शोधायची पद्धत फ्लॉकसारखीच, एफडीइन्फोमधून.

लीज (ही फाइल दुसरं कोणी उघडायला आलं तर आधी मला कळवा, असा करार) म्हणून ओळ दिसली तर ती बहुधा सांबाची असते. ती लॉकच्या भांडणात सहसा नसते.

आकडा ०, आकडा ऋण, आकडा सर्व्हरचा

कंटेनरमध्ये चौकशी केली तर वेगळंच चित्र. ४.९ पासून /प्रॉक/लॉक्स फक्त त्या पीआयडी-नेमस्पेसमधल्या (कंटेनरच्या स्वतंत्र पीआयडी-यादीतल्या) प्रोसेसची लॉक दाखवतं. लॉक बाहेरच्या प्रोसेसकडे असेल तर आतल्या यादीत ते नसतं, आणि प्रोग्रॅममधून एफ_गेटएलकेने (लॉक कोणाकडे आहे हे विचारणारी एफसीएनटीएलची आज्ञा) विचारलं तर उत्तरातल्या एल_पिड या पीआयडीच्या खात्यात ० येतो. मागणारा मरून गेलेलं फ्लॉकही आतून अदृश्य होतं. म्हणून कंटेनरमधून ‘लॉक कोणाकडेच नाही’ असं दिसलं तरी मिळत नसेल, तर मुख्य मशीनवर जाऊन पाहा. तिथे गाळणी नसते.

एल_पिड -१ असेल तर ते ओएफडी लॉक; दुसरा कोणताही ऋण आकडा आला तर लॉक दुसऱ्या मशीनवरच्या कोणाचं आहे. तो आकडा तुमच्या मशीनवरच्या कोणत्याही प्रोसेसचा नाही, आणि उणे चिन्ह काढून तो किल करणं ही गंभीर चूक. एनएफएसच्या (नेटवर्कवरून फाइली वाटायची पद्धत) जुन्या तिसऱ्या आवृत्तीत लिनक्स क्लायंट सर्व्हरला खरा पीआयडी पाठवतही नाही. लॉकच्या मालकासाठी बनवलेला वेगळा क्रमांक पाठवतो.

उलट एनएफएस सर्व्हरवर बसून यादी पाहिली तर पीआयडी दिसतो तो सर्व्हरच्याच लॉकडी किंवा एनएफएसडी या कर्नल-थ्रेडचा. त्याला मारून काही होत नाही. चौथ्या आवृत्तीसाठी, कर्नल ५.३ पासून, /प्रॉक/एफएस/एनएफएसडी/क्लायंट्समध्ये प्रत्येक क्लायंटचं एक फोल्डर असतं: इन्फोमध्ये त्याचा पत्ता, स्टेट्समध्ये उघड्या फाइली आणि लॉक. मशीन कळलं की तिथे जाऊन पुन्हा पहिल्या पायरीपासून. क्लायंटची लाइन गेली आणि तो परत आलाच नाही, तर चौथ्या आवृत्तीत लीज (सर्व्हरने क्लायंटला दिलेली मुदत) संपल्यावर, म्हणजे मूळ सेटिंगप्रमाणे ९० सेकंदांनी, दुसऱ्याला ते लॉक मिळू शकतं. तिसऱ्या आवृत्तीत अशी मुदत नाही. क्लायंट पुन्हा सुरू होऊन ‘मी नव्याने उठलो’ असं सर्व्हरला कळवेपर्यंत लॉक पडून राहतं. जिथे दिवसातून चारदा लाइन जाते तिथे तिसरी आवृत्ती वापरू नये, हे स्पष्ट सांगायला हवं.

सांबाचं प्रकरण तुलनेने सोपं. ऑफिसच्या विंडोज पीसीने घेतलेलं लॉक काट्याच्या मशीनवर एसएमबीडी या सांबाच्या प्रोसेसच्या ताब्यात असतं. एसएमबीस्टेटस -पी केलं की कोणत्या एसएमबीडीचा पीआयडी कोणत्या मशीनचा ते कळतं, -एल (मोठं अक्षर) केलं की कोणत्या फाइली धरल्या आहेत ते, आणि -बी (हेही मोठं) केलं की बाइटांची लॉक. एसएमबीडी मारण्याआधी त्या पीसीवरची खिडकी बंद करायला सांगा, फोन करून. आणि मुळात एसक्यूलाइटची फाइल नेटवर्कवरून दोन मशीनांनी थेट उघडू नये. वॉल पद्धत तर नेटवर्कवर चालतच नाही, कारण तिला सगळ्या प्रोसेसमध्ये वाटून घेतलेली मेमरी लागते.

तिसरी पायरी: पीआयडी तोच आहे का

पीआयडी फिरून पुन्हा वापरले जातात. कर्नलची मूळ मर्यादा ३२७६८ असते. सिस्टमडी असलेल्या ६४-बिट मशीनवर ती सहसा ४१९४३०४ केलेली असते. छोट्या मर्यादेच्या मशीनवर, मिनिटाला दहा स्क्रिप्ट उडवणाऱ्या क्रॉनसोबत, चक्र लवकर पूर्ण होतं. वर म्हटल्याप्रमाणे पॉझिक्स लॉकमध्ये याचा धोका नाही. फ्लॉकमध्ये आणि हाताने लिहिलेल्या पीआयडी-फाइलींमध्ये खरा धोका आहे.

एलएस -एल /प्रॉक/पीआयडी/एफडी करून तीच फाइल त्या प्रोसेसने उघडली आहे का ते पाहा. नसेल तर तो नुसता आकड्याचा सारखेपणा. मग पीएस -ओ एलस्टार्ट,स्टॅट,सीएमडी -पी पीआयडी: ती कधी सुरू झाली, कोणत्या स्थितीत आहे. स्थिती टी असेल तर कोणीतरी कंट्रोल-झेड दाबून तिला थांबवलं आहे. मारण्याऐवजी किल -कॉन्ट पाठवा, काम पुढे सुरू होईल. डी असेल तर ती डिस्कची किंवा नेटवर्कची वाट पाहतेय. तिथे किल -९ सुद्धा बहुधा लगेच चालत नाही, आधी ढिली यूएसबी डिस्क किंवा अडकलेला एनएफएस पाहा.

मारायचंच असेल तर किल -टर्म, दहा सेकंद थांबा, मगच -९. प्रोसेस संपली की कर्नल तिचे डिस्क्रिप्टर बंद करतं आणि लॉक सोडतं, वेगळं काही करावं लागत नाही. प्रोग्रॅममधून हे करत असाल तर ५.३ पासून असलेलं पिडएफडी_ओपन वापरा: आधी हँडल घ्या, मग वरची तपासणी करा, मग पिडएफडी_सेंड_सिग्नल. तपासणी आणि सिग्नल यांच्या मधल्या क्षणात नंबर दुसऱ्याला गेला तरी सिग्नल चुकीच्या प्रोसेसला जात नाही.

त्यानंतर -जर्नल किंवा -वॉल नावाची फाइल शिल्लक दिसली तर तिला हात लावू नका. ते लॉक नाही. अर्धवट राहिलेला व्यवहार मागे घ्यायची किंवा पूर्ण करायची माहिती तीत आहे, आणि डेटाबेस पुढच्या वेळी उघडताना एसक्यूलाइट ती स्वतः वापरतं. ती पुसली तर दिवसभराच्या काटापट्ट्या बिघडू शकतात.

कर्नल आत काय लिहून ठेवतं

कर्नलचा कोड वाचणाऱ्यांसाठी, किंवा स्वतःची फाइल-सिस्टम लिहिणाऱ्यांसाठी, हा भाग. बाकीच्यांनी पुढे गेलं तरी चालेल.

प्रत्येक लॉकची नोंद फाइल_लॉक या स्ट्रक्टमध्ये असते. २०२४ च्या ६.९ पासून तिचा सामायिक भाग फाइल_लॉक_कोअर म्हणून वेगळा केला आहे. त्यात मालक आणि पीआयडी अशी दोन वेगळी खाती आहेत, आणि सगळा गोंधळ या दोघांना एक समजल्याने होतो. मालक हा नुसता पॉइंटर: पॉझिक्ससाठी प्रोसेसच्या फाइल-टेबलचा, फ्लॉक आणि ओएफडीसाठी उघडलेल्या फाइलीचा, लॉकडीसाठी त्याने स्वतः बनवलेल्या मालकाचा. दोन लॉकमध्ये भांडण आहे की नाही हे मालक पाहून ठरतं. पीआयडी त्या निर्णयात कुठेच येत नाही. तो फक्त विचारणाऱ्याला सांगण्यासाठी, लॉक घेण्याच्या क्षणी करंटच्या टीजीआयडीवरून भरलेला असतो आणि नंतर बदलत नाही.

४.१४ च्या आधी एफएल_एनएसपिड नावाचं आणखी एक खातं होतं, त्यात पिडच्या ऑब्जेक्टचा संदर्भ धरून ठेवलेला असे. ते काढलं. आता सर्वात बाहेरच्या नेमस्पेसमधला नुसता आकडा ठेवतात आणि वाचणाऱ्याच्या नेमस्पेसमध्ये त्याचं रूपांतर वाचतानाच करतात. ते काम लॉक्स_ट्रान्सलेट_पिडचं. त्याचा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा: ओएफडी असेल तर सरळ -१, आकडा शून्य किंवा ऋण असेल तर जसाच्या तसा, विचारणारा मुख्य नेमस्पेसमध्ये असेल तर न तपासता तोच आकडा, प्रोसेस मेलेली असली तरी, नाहीतर शोध, आणि सापडला नाही तर ०. आधीच्या भागांतले सगळे विचित्र आकडे या चार फांद्यांमधून येतात.

तुमच्या फाइल-सिस्टममध्ये लॉकची स्वतःची सोय असेल, तर दूरच्या लॉकचा पीआयडी ऋण करून परत द्या. धन दिला तर कर्नल त्याला स्थानिक समजून भाषांतर करायला जातं आणि भलत्याच प्रोसेसचं नाव लागतं. स्थानिक लॉकचा आकडा बाहेरच्या नेमस्पेसचा असायला हवा. फ्यूज नेमकं हेच करतं, सर्व्हरकडून आलेला पीआयडी आधी मुख्य नेमस्पेसमध्ये नेतं.

दोघांनी एकमेकांची वाट पाहत अडकण्याची तपासणी फक्त पॉझिक्स लॉकसाठी होते, तीही दहा टप्प्यांपर्यंत. फ्लॉक आणि ओएफडीमध्ये अडकलात तर ईडेडएलके मिळणार नाही, प्रोसेस नुसती थांबून राहील.

स्वतःचा प्रोग्रॅम लिहिताना

एफ_गेटएलके वापरत असाल तर परत आल्यावर आधी एल_टाइप पाहा. लॉक मोकळं असेल तर तिथे एफ_अनएलसीके येतं आणि बाकीची खाती जशी होती तशीच राहतात. एल_पिडमध्ये मग तुम्ही आधी टाकलेला कचरा असतो. अडवणारे चार असले तरी एकाचीच माहिती मिळते. फ्लॉकची तर मिळतच नाही. आणि ती माहिती हातात येईपर्यंत जुनी झालेली असू शकते, म्हणून ती संदेशात दाखवायला वापरा, निर्णयाला नको. ओएफडीच्या आज्ञा देताना एल_पिड शून्य करायला विसरू नका, नाहीतर ईइनव्हॅल येतो.

डीमन बनवताना फोर्क आधी, लॉक नंतर. उलट केलं तर पॉझिक्स लॉक बापासोबत मरतं, आणि फ्लॉकवर मेलेल्या बापाचा नंबर कायमचा बसतो.

पीआयडी लिहिलेली लॉक-फाइल ठेवायची असेल तर ती /रन खाली ठेवा. ते मेमरीत असतं, लाइन जाऊन मशीन पुन्हा उठलं की रिकामं. कर्नलची लॉकही बंद होताना जातात, पण डिस्कवर ठेवलेली पीआयडी-फाइल जात नाही, आणि तिच्यातला १२४० हा नंबर नव्या बूटमध्ये प्रिंटरच्या सेवेलाही मिळालेला असू शकतो. ‘फाइल आहे म्हणजे प्रोग्रॅम चालू आहे’ असं मानणारा प्रोग्रॅम लोडशेडिंगच्या गावात रोज सकाळी सुरू व्हायला नकार देईल. म्हणून चालू आहे की नाही ते फाइलच्या असण्यावरून ठरवू नका. तिच्यावरच्या फ्लॉकवरून ठरवा.

क्रम असा: फाइल ओ_क्रिएट आणि ओ_क्लोएक्झेकने उघडा, ओ_ट्रंक नको. न थांबता फ्लॉक मागा. मिळालं तरच आतला मजकूर कापा आणि नवा लिहा. ओ_ट्रंकने उघडली तर लॉक न मिळालेला प्रोग्रॅमसुद्धा धारकाची नोंद पुसून जातो. शेलमध्ये एकाच > ने उघडल्यावर हेच होतं, म्हणून वरच्या प्रयोगात >> वापरलं आहे. आत तीन गोष्टी लिहा: पीआयडी, /प्रॉक/सेल्फ/स्टॅटमधलं २२ वं खातं म्हणजे सुरू होण्याची वेळ, आणि /प्रॉक/सिस/कर्नल/रँडम/बूट_आयडी. ही तिन्ही जुळली तर प्रोसेस तीच. स्टॅट तोडताना शेवटच्या कंसानंतर मोजायला सुरुवात करा, प्रोग्रॅमच्या नावात मोकळी जागा असली तर साधी मोजणी चुकते.

काम संपल्यावर लॉक-फाइल पुसू नका, रिकामी पडून राहू द्या. लॉक नावावर नसतं, आयनोडवर असतं. पुसल्यावर त्याच नावाची नवी फाइल बनते, तिचा आयनोड वेगळा, आणि जुन्या फाइलवर लॉक धरलेला आणि नव्या फाइलवर लॉक मिळालेला असे दोघंही स्वतःला एकटे समजतात. पुसणं टाळताच येत नसेल तर लॉक मिळाल्यावर एफस्टॅट आणि स्टॅट या दोन्हींचे आयनोड जुळवून पाहा, आणि जुळले नाहीत तर सोडून पुन्हा उघडा.